तेलाऐवजी कुरमुरे

जपानी भाषेने माझं पोट भरलं खरं, पण त्या भाषेत मी इतकी वर्षं जे बोलले ते बहुतेक सगळं पंप, झडपा आणि बेअरिंगबद्दल होतं. मी वाढले भाईंदर पूर्वेला. वडील रत्नागिरीकडचे, इथे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. मी ज्या कंपनीत नोकरीला लागले तिथे जपानहून मशिनं यायची आणि त्यांच्यासोबतची जाडजूड पुस्तकं कुणालाच वाचता यायची नाहीत. एक दिवस साहेबांनी विचारलं, "कोण शिकेल ही भाषा?" मी हात वर केला. त्या भाषेतल्या कविता, चहाचे समारंभ, फुलांचे बहर यातलं काहीही माझ्या वाट्याला आलं नाही. पण मशिनमधून तेल गळतंय हे जपानीत किती प्रकारे सांगता येतं, ते मला झोपेतून उठवून विचारावं.

लग्न होऊन भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावात आले. सासरची माणसं इथली जुनी. एके काळी त्यांची मिठागरं होती, भातशेती होती. आता शेताच्या जागी इमारती आहेत आणि नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. सासूबाईंना मी आई म्हणते. सत्तरी ओलांडली तरी त्यांचा आवाज खाडीपलीकडे जाईल असा. दुकानदाराशी त्या हिंदी बोलतात, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीशी गुजराती बोलतात, पण चाल सगळ्याला मुर्ध्याच्या बोलीचीच. मुलं झाल्यावर मी नोकरी सोडून घरूनच भाषांतराची कामं घेऊ लागले. तेव्हा त्या स्वयंपाकघरातून ऐकत बसायच्या आणि मध्येच विचारायच्या, "आज काय गलतंय गो?"

दोनेक वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, मला कामं देणाऱ्या बाईंचा फोन आला. काही मित्रदेशांचे अधिकारी मुंबईत जमणार होते. आखाताकडून तेल आणि गॅस घेऊन येणारी जहाजं सुखरूप कशी आणायची, वाटेत कुणी अडवलं किंवा अपघात झाला तर कुणी कुणाच्या मदतीला धावायचं, एखाद्या देशाचा साठा आटला तर बाकीच्यांनी काय करायचं, असे विषय होते. जपानहून येणाऱ्या एका पाहुण्यांना दुभाषी हवी होती. ठरलेल्या दुभाष्याला कावीळ झाली होती.

"अहो, मी मशिनवाली," मी म्हणाले. "सुरक्षा, परराष्ट्र धोरण वगैरे मला कुठे येतं?"

"शेवटी तेलच आहे ना?" बाई म्हणाल्या.

मी हो म्हणाले आणि आठवडाभर जगातले सगळे जड शब्द पाठ करत बसले. सागरी सुरक्षा, सामरिक साठा, परस्पर सहकार्य. भाजी चिरतानाही तेच. आई समोर बसून मांदेली साफ करत होत्या. त्यांना मी थोडक्यात समजावून सांगितलं, की बऱ्याच देशांचं तेल एकाच समुद्रातून येतं, म्हणून सगळे मिळून त्या वाटेची राखण करणार आहेत.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "न मंग कोल्यांच्या जाल्यांचा काय?"

मी म्हटलं, "आई, ही बैठक फार मोठ्या जहाजांबद्दल आहे."

"दर्या एकच हाय ना?" असं म्हणून त्यांनी मांदेली धुवायला घेतली, आणि मी पुढच्या शब्दाकडे वळले.

पाहुणे हॉटेलच्या दारातच भेटले. तटरक्षक दलातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, काठी गिळल्यासारखे ताठ. वाकून नमस्कार झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि मला ते अर्धंच कळलं. ते उत्तरेकडच्या एका मासेमारी गावातले होते आणि बोलणं अजून तिकडचंच होतं. माझ्या पुस्तकी जपानीला ती हवा लागलेली नव्हती. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"एखादा शब्द नाही कळला तर सरळ थांबवा मला," ते सावकाश म्हणाले. "मी आयुष्यभर बोटीवर काढलंय. भरती यायची वाट बघायची सवय आहे."

तिथेच माझी त्यांच्याशी गट्टी जमली.

बैठकीचा पहिला दिवस मात्र एका वाक्यावर गेला. एखाद्या देशाचं जहाज संकटात सापडलं तर बाकीचे देश मदत करतील, असं मसुद्यात होतं. एकाने सुचवलं की 'मदत करण्याचा प्रयत्न करतील' म्हणू या. दुसऱ्याने सांगितलं की 'शक्य तितका प्रयत्न'. चहा आला, गेला. जेवण झालं. पाहुणे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बुडणाऱ्या माणसाकडे दोर फेकता येतो. प्रयत्न कसा फेकतात?" मी माइकचं बटण दाबायला गेले तर त्यांनी घाईने हात हलवला. "नको, नको. हे तुमच्यासाठी होतं."

संध्याकाळी घरी पोहोचले तर आमच्या ओटीवर पालीची, म्हणजे उत्तनजवळच्या कोळीवाड्यातली, मावशी बसलेली. ही आईंची जुनी मैत्रीण. पालीहून पाटी घेऊन ती आमच्या गावात मासे विकायला यायची तेव्हापासूनची ओळख. आता तिची सून स्कूटरवरून मासे विकते, पण मावशी आईंना भेटायला अजून येते. आज तिचा नूर वेगळा होता.

"तुमचे बैठकीत आमचे गावाचा सौदा चाल्लाय म्हनं," तिने मला बघताच सुरुवात केली.

मी चप्पलही काढली नव्हती. हळूहळू उलगडलं ते असं. बैठकीच्या शेवटी समुद्रात एक कवायत होणार होती. तेलवाहू जहाजाला अपघात झालाय असं समजून वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी मिळून त्याला मदत करायची, आणि सांडलेलं तेल किनाऱ्याला लागण्याआधी अडवायचं. जागा होती पालीसमोरच्या समुद्रात. त्याबद्दलचं एक पत्रक गावात लागलं होतं. मावशीच्या सुनेने त्याचा फोटो काढून आणला होता. मी वाचला. 'सदर सागरी क्षेत्रात बहुराष्ट्रीय तेल प्रतिसाद सुविधेची उभारणी व कवायत नियोजित असल्याने मासेमारीस पूर्णतः मनाई करण्यात येत आहे.'

"सुविधेची उभारणी म्हंजे बंदरच ना?" मावशीने विचारलं. "तेलाचा बंदर. न मासे मारायचे न्हाय, कवापरत न्हाय ते काय लिवलेला न्हाय."

मला आधी हसू आलं आणि मग ते गेलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मलाही त्यातून बंदरच दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक सुरू व्हायच्या आधी मी कवायतीच्या प्रमुखांना गाठलं. पांढऱ्या गणवेशातले, नागपूरकडचे, हसतमुख अधिकारी. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे असं लिहिलंय? मॅडम, सुविधा म्हणजे तरंगणारे दोर आहेत हो. एक सकाळभर समुद्रात टाकणार आणि परत गुंडाळून नेणार. आणि जागा तर यांच्या जाळ्यांच्या रांगेच्या किती बाहेर!" त्यांनी नकाशा काढून दाखवला. खरंच बाहेर होती.

"सुधारित पत्रक काढतो लगेच," ते म्हणाले.

पाहुणे आमच्याकडे बघत उभे होते. काय चाललंय असं त्यांनी नजरेनेच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिथे जाऊन सांगू या. आमच्या गावात सरकारी पत्रक लागलं की आम्ही त्याच्या खाली बसून जाळी शिवायचो. वाचायचं कुणीच नाही."

अधिकाऱ्यांनी जरा विचार केला, वर फोन लावला, आणि दुपारच्या सत्रात पाहुण्यांचं काम नसल्याने आम्ही तिघं गाडीत बसलो. मी आईंना फोन केला, की मावशीला सांगून लोकांना जमवा. पलीकडून उत्तर आलं, "मी पन येतंय." गाडी मुर्ध्याच्या रस्त्याला लागली तर आई नाक्यावर उभ्या. नवीन पातळ, हातात पर्स, डोक्यात अबोलीचा गजरा. अधिकारी स्वतःहून पुढे जाऊन बसले आणि आई मागे पाहुण्यांच्या शेजारी. त्यांनी एकमेकांना नमस्कार केले. आईंनी पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली. उत्तनपर्यंत दोघं चिक्की खात होते.

पालीच्या गल्ल्यांत गाडी शिरेना. समोरून स्कूटर, मागून स्कूटर. उतरून चालत गेलो. किनाऱ्याजवळच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये लोक जमले होते. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि पाहुणे त्या वासाने असे थांबले, की मला वाटलं त्यांना त्रास होतोय. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "माझ्या आजोळचा वास," ते म्हणाले.

आत मात्र वातावरण तापलेलं होतं. अधिकारी उभे राहिले आणि मनापासून बोलले, पण त्यांची मराठी कार्यालयातली. सागरी प्रदूषण, प्रतिसाद क्षमता, आंतरराष्ट्रीय समन्वय. मग पाहुणे बोलले आणि मी भाषांतर केलं. आठवडाभर पाठ केलेले सगळे शब्द वापरले. मावशीचा भाऊ पुढे बसला होता. तो बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. रुंद खांदे, पिकलेल्या मिश्या. त्याने शांतपणे विचारलं, "ते सगला ठीक हाय. बंदर कवा बांधताव?"

मी पुन्हा सुरुवात करणार तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"आरं बंदर-बिंदर काय न्हाय! तेलाची बोट फुटली न तेल सांडला, तर ते किनाऱ्याव येवाच्या आधी आडवायचा कसा, त्याची शिकवनी हाय. एक सकाल. दुपारी ते आपले घरी, तुमी तुमचे जाल्याव."

"एकच सकाल?"

"एकच. इचारा सायबांना."

अधिकाऱ्यांनी जोरजोरात मान हलवली. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली, मग कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मावशी मोठ्याने म्हणाली, "मंग असा लिवाला काय झाला होता?" यावर अधिकारी म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी तुम्हालाच दाखवून लिहू." त्या एका वाक्याने त्यांनी गाव जिंकलं.

तिथून पुढे सगळी बैठक अशी चालली: पाहुणे त्यांच्या गावाकडच्या जपानीत बोलणार, मी ते मराठीत आणणार, आणि आई ते पालीला कळेल असं करणार. उलट दिशेनेही तसंच. दोघी घामाघूम झालो पण मजा यायला लागली.

तांडेलने विचारलं, "या बाबाला काय ठावं तेल कसा असतं?"

पाहुण्यांनी मग सांगितलं. ते तरुण असताना त्यांच्या गावाजवळ भर थंडीत एक तेलवाहू जहाज मोडलं होतं. तेल काळं, गुळाच्या काकवीसारखं जाड. मोठी जहाजं खडकांमुळे जवळ येऊ शकत नव्हती. शेवटी सगळं गाव किनाऱ्यावर रांगेत उभं राहिलं, म्हातारीकोतारी, पोरंसोरं, आणि हातांनी तेल उपसून बादल्या एकमेकांकडे देत राहिलं. दूरदूरच्या गावांतून अनोळखी माणसं मदतीला आली. उपसायला त्यांनी काय वापरलं, तो शब्द त्यांनी उच्चारला आणि मी अडकले. सामरिक शब्दांच्या यादीत तो नव्हता. त्यांनी हाताने करून दाखवलं: लांब उभा दांडा, खाली वाटी, बुडवायचं आणि सरळ वर उचलायचं.

"पळी," मी म्हटलं. पण पळी तशी नसते. "डाव?"

"वगरालं गो!" आई ओरडल्या. "तेलाच्या डब्यातला वगरालं!"

"वगराळं," मी पाहुण्यांना म्हणाले. त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडून ळ काही निघेना, पण आईंच्या तोंडूनही तो निघत नव्हता, त्यामुळे दोघांचा उच्चार अगदी सारखा झाला. शेड खळखळून हसली. पण त्यानंतर लोकांची बसण्याची पद्धत बदलली. पुढे सरकून बसले. हा माणूस समुद्रावरचा आहे हे त्यांना कळलं होतं.

मग तांडेलने खरा मुद्दा काढला. "उद्या खरंच तेल आला तर मोठी बोट हितं येनार न्हाय. दगड हायत. मंग आमी काय बघत बसायचा?"

मी भाषांतर पूर्ण करायच्या आत पाहुणे अधिकाऱ्यांकडे वळले. उथळ पाण्यात छोट्या बोटीच लागतात, असं त्यांचंही म्हणणं होतं, आणि ते बैठकीत त्यांनी मांडलंही होतं. अधिकारी बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. आत आले ते हसतच. पालीच्या दोन बोटी कवायतीत घ्यायच्या असं ठरलं.

आता प्रश्न राहिला तेलाचा. खरं तेल तर सांडता येणार नाही. तेलासारखं तरंगणारं, वाहत जाणारं, नुसत्या डोळ्यांना दिसणारं आणि माशांना अपाय न करणारं काहीतरी हवं होतं. अधिकाऱ्यांनी मागवलेला भुसा वाटेत कुठेतरी अडकला होता. पाहुणे म्हणाले, त्यांच्याकडे एकदा मक्याच्या लाह्या वापरल्या होत्या.

आणि मला सुचलं. दोन दिवस मी फक्त दुसऱ्यांची वाक्यं बोलत होते. हे पहिलं माझं स्वतःचं होतं. "कुरमुरे!" मी म्हणाले. हलके, पांढरे, स्वस्त, दुरून दिसणारे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांना मी कुरमुरे म्हणजे काय ते समजावलं तेव्हा ते म्हणाले, "उत्तम. शेवटी भातच तो."

संध्याकाळी भाईंदर पूर्वेच्या घाऊक दुकानात मी कुरमुऱ्यांच्या पोत्यांची ऑर्डर दिली. शेठ माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "क्या मॅडम, भेल का स्टॉल लगा रहे हो?"

"नहीं शेठ, समुद्र में डालना है."

त्यांनी पोती दोनदा शिवून दिली.

कवायतीची सकाळ स्वच्छ होती, समुद्र शांत. मी आणि पाहुणे तांडेलच्या बोटीवर होतो, अंगात केशरी लाइफ जॅकेट. त्याच्या भाच्यांची दुसरी बोट थोड्या अंतरावर. लांब मोठं जहाज उभं होतं आणि त्याच्या डेकवर सगळ्या देशांचे अधिकारी दुर्बिणी घेऊन. आमचे नागपूरकर साहेब तिथून वॉकीटॉकीवर बोलत होते. किनाऱ्यावर गाव जमलं होतं. त्यात आई आणि मावशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

तरंगणारे ते दोर म्हणजे लांबच लांब केशरी उशी असावी तसा प्रकार होता. तो दोन बोटींच्या मध्ये पसरून, घोड्याच्या नालासारखा आकार करून, वाहत येणारं तेल त्यात पकडायचं. पहिल्या वेळी त्याला पीळ पडला. पाहुण्यांनी हातवारे केले, तांडेलने हातवारे केले, मी मध्ये उभी राहून भाषांतर करायला लागले तर दोघांनीही मला हाताने बाजूला सारलं. त्यांना माझी गरज राहिली नव्हती. पीळ सुटला.

"तेल सोडा," वॉकीटॉकीतून हुकूम आला.

मोठ्या जहाजावरून पुढे आलेल्या एका छोट्या बोटीने पोती उपडी केली. निळ्या पाण्यावर पांढरा शुभ्र पट्टा पसरला आणि सावकाश आमच्या दिशेने येऊ लागला. फार सुंदर दिसत होता. मला माझा अभिमान वाटला. पाहुण्यांनी अंगठा वर केला.

तेवढ्यात एक सीगल आला.

तो पाण्यावर उतरला, एक कुरमुरा उचलला, आणि काहीतरी ओरडला. त्या ओरडण्याचं भाषांतर करायला दुभाषी लागली नाही. खाडीकडून, खडकांकडून, कुठून कुठून ते यायला लागले. बघता बघता आमच्या डोक्यावर पांढरं छत झालं. कलकलाट एवढा की वॉकीटॉकी ऐकू येईना.

"तेलाची स्थिती काय आहे?" साहेबांचा आवाज आला. "ओव्हर."

तांडेलने यंत्र माझ्या हातून घेतलं. "साहेब," तो गंभीरपणे म्हणाला, "तेल उडून चाललंय."

मी पाहुण्यांकडे बघायला घाबरत होते. हा माणूस इतक्या लांबून आलाय, समोर इतक्या देशांची माणसं दुर्बिणी लावून बघतायत, आणि माझी सूचना पक्षी खातायत. पाहुणे बोटीच्या काठावर बसले होते. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्यांनी मान वर केली तर हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. "जगातलं सर्वात चांगलं तेल," त्यांनी कसंबसं वाक्य पूर्ण केलं. "स्वतःच साफ होतं!"

माझा फोन वाजला. आई. त्यांना फोनवरही ओरडायची सवय आहे, आणि आज तर गरजच होती. "अगो, भायंदरच्या जेटीवर लोक शेव-गाठ्या टाकतान तवा हेच पक्षी येतान ना? रोज बघतस तू!"

बघत होते. दर हिवाळ्यात बघत होते. पण मित्रदेशांच्या कवायतीत ते आठवलं नाही.

"आता काय करू?" मी ओरडले.

पलीकडे मावशी आणि आई दोघी एकदम बोलायला लागल्या. मला एकच शब्द कळला: सोडणं. नारळ सोलल्यावर निघणारी ती तंतुमय सालं. पालीत पाणी तापवायला घरोघरी त्यांचे ढीग असतात. तरंगतात, दिसतात, आणि कुठलाही पक्षी त्यांना चोच लावणार नाही. मी ते पाहुण्यांना सांगितलं, पाहुण्यांनी मान हलवली, तांडेलने भाच्यांची बोट किनाऱ्याकडे पिटाळली. बायका टोपल्या भरभरून सोडणं घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्याच होत्या. मोठ्या जहाजावरून दुर्बिणीतून काय दिसलं असेल देव जाणे. साहेब मात्र सांभाळून घेत सगळ्यांना सांगत होते म्हणे, की परिस्थिती बदलली की योजना कशी बदलावी याचं हे प्रात्यक्षिक आहे.

दुसऱ्या खेपेला सगळं जमलं. दोन्ही बोटी सारख्या वेगाने चालल्या, केशरी नाल नीट उघडला, आणि तपकिरी सोडणं एकामागून एक त्यात येऊन गोळा झाली. एकही निसटलं नाही म्हणणार नाही, थोडी गेली, ती पोरांनी पोहून आणली. मोठ्या जहाजाने भोंगा वाजवला. किनाऱ्यावरून टाळ्या आल्या. तांडेलने पाहुण्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते बारीक गृहस्थ दोन पावलं पुढे गेले.

दुपारी मावशीच्या घरी जेवण झालं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, तळलेली मांदेली. साहेब खास जहाजावरून उतरून आले होते. पाहुण्यांनी मांदेली काट्यासकट खाल्ली. मावशीने त्यांना विचारलं, "तुमचेकडं तेल सांडलेला, तवा मासे परत आले?" मी विचारलं. ते म्हणाले, "आले. वेळ लागला, पण आले." मावशी म्हणाली, "बरा झाला," आणि त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

शेवटच्या दिवशीच्या बैठकीत पहिल्या दिवशीचं ते मदतीचं वाक्य पुन्हा आलं. 'प्रयत्न करतील' हेच राहिलं, ते काही कुणाला हलवता आलं नाही. पण पाहुण्यांनी बोलायला परवानगी मागितली आणि अगदी सावकाश, मला नीट पकडता येईल असं बोलले. अशी कोणतीही कवायत करण्याआधी किनाऱ्यावरच्या लोकांना त्यांच्या बोलीत, समोर बसून सांगावं आणि त्यांच्या बोटी बरोबर घ्याव्यात, असं एक कलम घालावं अशी त्यांची सूचना होती. मी ते माइकमध्ये शब्दन् शब्द बोलले. कुणी विरोध केला नाही. दोन-तीन जण तर हसत होते; त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल ते मला कळत होतं. कलम घातलं गेलं. सुरक्षा, साठे आणि जहाजांच्या मार्गांबद्दलच्या त्या लांबलचक मजकुरात ते तळाशी कुठेतरी आहे. केशरी दोरांचा एक संच पुढे पालीच्या शेडमध्येच ठेवायला मिळाला. वर्षातून एकदा तांडेल आणि त्याची माणसं तो बाहेर काढतात, पाण्यात पसरतात, धुऊन वाळवतात. त्या दिवशी साहेब आले तर त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पाहुणे निघाले तेव्हा मी त्यांना हॉटेलवर निरोप द्यायला गेले. मावशीने त्यांच्यासाठी सुके बोंबील पाठवले होते. पिशवीत पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्र, पुन्हा पिशवी. तरी त्या थंडगार, सुगंधी लॉबीत आम्ही उभे राहिलो आणि हळूहळू आजूबाजूचे लोक दुसऱ्या सोफ्यांवर जाऊन बसू लागले. मी ओशाळून म्हणाले, "विमानात तुमच्या शेजारी बसणाऱ्याचं काय होईल?"

त्यांनी पुडकं बॅगेत न ठेवता काखेत घेतलं. "उठून जाईल," ते आनंदाने म्हणाले. "मग मी पाय पसरून झोपेन."